अँटिव्हायरस म्हणतो ‘साफ केलं’: घुसखोरीचा अलर्ट आल्यावर पहिल्या काही तासांत काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकण भागातला कारखाना, दीडशेच्या आसपास संगणक, एक डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची खाती आणि पासवर्ड सांभाळणारा सर्व्हर), एक फाइल सर्व्हर (टॅलीही त्यावरच), बॅकअपसाठी नॅस (नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा), एक फायरवॉल (इंटरनेटच्या वाटेवरचा पहारेकरी) आणि त्यावरच व्हीपीएन (बाहेरून आत जोडून घ्यायची वाट). बुधवारी रात्री पावणेअकराला फाइल सर्व्हरवरून अलर्ट आला: मिमिकॅट्झ सापडलं, क्वारंटाइन केलं (म्हणजे वेगळं काढून कुलूपबंद केलं). गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. आयटी सांभाळणारा माणूस एकटा आहे आणि तो विचारतो, सर्व्हर बंद करू का, फॉरमॅट मारू का, की साफ झालंय तर शुक्रवारी बघू?

बंद करू नका, फॉरमॅट मारू नका, आणि शुक्रवारची वाट तर अजिबात बघू नका.

आधी हा अलर्ट नेमकं काय सांगतोय ते समजून घ्या. मिमिकॅट्झ हा ईमेलमधून चुकून उतरणारा व्हायरस नाही. विंडोजच्या मेमरीतून पासवर्ड आणि त्यांचे हॅश (पासवर्डवरून बनवलेले सांकेतिक ठसे) काढायचं ते हत्यार आहे, आणि त्यासाठी त्या मशीनवर आधीच अ‍ॅडमिनचे हक्क लागतात. म्हणजे कोणीतरी आत आलं, अ‍ॅडमिन झालं, फाइल सर्व्हरपर्यंत पोचलं आणि मग हे हत्यार काढलं. अँटिव्हायरसने हत्यार जप्त केलं, ते आणणारा माणूस मात्र आतच आहे. शिवाय पकडलं गेलेलं हे पहिलंच हत्यार असेल कशावरून? आधी चाललेलं दुसरं काही निसटलं असेल, ते तुम्हाला कोणी कळवणार नाही.

अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीचं २०१३ सालचं प्रकरण इथे आठवण्यासारखं आहे. त्यांच्या यंत्रणेने ३० नोव्हेंबरला अलर्ट दिला, बंगळुरूच्या टीमने तो पाहून मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवला आणि तिथे तो तसाच पडून राहिला. सुमारे ४ कोटी कार्डांचा डेटा गेला. अलर्ट दिसला होता, पुढची हालचाल मात्र वेळेत झाली नाही. तुमच्याकडे हालचाल करायला तुम्ही एकटेच आहात. म्हणून मालकांना किंवा प्लांट हेडना आत्ताच फोन करा. इंटरनेट तोडायला परवानगी लागणार आहे, आणि ती मध्यरात्री दोनला मागण्यापेक्षा आत्ता मागितलेली बरी. बोलणं फोनवरच करा. कंपनीच्या ईमेलवर ‘आपल्याकडे हॅकर घुसलाय’ असं लिहिलंत तर तो मेल घुसखोरही वाचत असू शकतो.

पहिली दहा मिनिटं कीबोर्डला हात न लावता अलर्ट वाचण्यात घालवा. मोबाइलवर स्क्रीनचा फोटो घ्या. एक वही काढा, त्यात घड्याळाची वेळ टाकून प्रत्येक कृती लिहा. कागदाचीच वही घ्या, फाइल सर्व्हरवरची एक्सेल नको. अलर्टमधून पाच गोष्टी उतरवा: फाइलचा पूर्ण मार्ग, कोणत्या खात्याने ती आणली किंवा चालवली, कोणत्या प्रोग्रॅमने ती सुरू केली, शोध लागल्याची नेमकी वेळ, आणि फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला तिचा ठसा). मार्ग बरंच काही सांगतो. परफलॉग्ज, प्रोग्रॅमडेटा, युझर्समधलं पब्लिक, अशा ठिकाणी ठेवलेली फाइल म्हणजे हाताने आणून ठेवलेली. सुरू करणारा प्रोग्रॅमही बोलका असतो. आयआयएसच्या (विंडोजच्या वेब सर्व्हरच्या) प्रोसेसखाली कमांड प्रॉम्प्ट दिसला तर वेबशेलचा (वेबसाइटमधून कमांड चालवणाऱ्या लपवलेल्या फाइलचा) संशय घ्या, एसक्यूएल सर्व्हरखाली दिसला तर डेटाबेसमधून कमांड चालवल्याचा. विंडोज डिफेंडर असेल तर त्याच्या लॉगमध्ये १११६ क्रमांकाची नोंद म्हणजे सापडलं, १११७ म्हणजे कारवाई झाली. त्यांच्या आधीच्या तासाभरात ५००१ (रिअल-टाइम संरक्षण बंद) किंवा ५००७ (सेटिंग बदललं) दिसतंय का ते आवर्जून बघा. संरक्षण बंद करून किंवा एखादं फोल्डर वगळून काम उरकलं असेल, तर तुम्हाला आलेला अलर्ट हा चुकून राहिलेला एक तुकडा आहे.

खोटा अलर्ट असण्याची शक्यता? बाहेरच्या कंपनीकडून पेनटेस्ट (मुद्दाम करवून घेतलेली घुसखोरीची चाचणी) चालू असेल तर आहे. एक फोन करून विचारा. तसं काही नसेल तर रात्री पावणेअकराला फाइल सर्व्हरवर मिमिकॅट्झ यायला दुसरं निरुपद्रवी कारण मला सुचत नाही. फाइल मात्र तपासणीसाठी व्हायरसटोटलवर (फाइली तपासून देणाऱ्या वेबसाइटवर) चढवू नका. तिथे चढवलेल्या फाइल इतरांना उतरवता येतात, आणि आपली फाइल तिथे आली का यावर हल्लेखोर लक्ष ठेवून असू शकतो. नुसता हॅश टाकून शोधा, तेवढं पुरतं.

आता तोडातोडी. इथे क्रमाला फार महत्त्व आहे.

सगळ्यात आधी नॅसची नेटवर्क केबल. रॅन्समवेअर (फाइलींना टाळं लावून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) चालवणारे टाळं लावण्याआधी बॅकअप शोधतात, आणि नॅस जर फाइल सर्व्हरवर एखाद्या ड्राइव्ह अक्षराने जोडलेला असेल तर तो आपसूकच त्यांच्या हातात आहे. ‘बॅकअप शाबूत आहे ना’ हे बघायला कपाटातली एक्स्टर्नल डिस्क आणून याच सर्व्हरला लावायचा मोह होतो. तिला कपाटातच राहू द्या.

मग बाहेर जाणारं इंटरनेट. पूर्ण देखरेखीची टीम असलेल्या मोठ्या कंपन्या कधीकधी घुसखोराला न कळू देता आधी त्याचा पसारा मोजतात आणि मग एकदम घाव घालतात. एकट्या माणसाने त्या फंदात पडू नये. उद्या सुट्टी आहे, डिस्पॅच नाही, ई-वे बिल काढायचं नाही, तेव्हा इंटरनेट तोडल्याने धंद्याचं नुकसान जवळपास शून्य आहे. सुट्टी हल्लेखोरालाही कळते. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला ११ ऑगस्ट २०१८ रोजी झाला, तो दुसरा शनिवार होता. १३ तारखेच्या स्विफ्ट (परदेशी बँकांशी होणाऱ्या) व्यवहारांसकट एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

फायरवॉलवर बाहेर जाणारं सगळं नाकारणारा नियम टाका, व्हीपीएन बंद करा, आणि आधीपासून चालू असलेली सेशन हाताने तोडा. हे शेवटचं बहुतेकजण विसरतात. बऱ्याच फायरवॉलमध्ये नवा नियम फक्त नव्या जोडण्यांना लागतो, जुनी चालू जोडणी तशीच वाहत राहते. दुसरी इंटरनेट लाइन किंवा फोर-जी डोंगल फेलओव्हरला असेल तर तीही काढा, नाहीतर पहिली लाइन पडल्याबरोबर दुसरी आपोआप उचलते. फायरवॉल रीबूट करू नका. लहान मॉडेलमध्ये लॉग मेमरीतच असतात आणि रीबूटबरोबर जातात. ते लॉग आत्ताच उतरवून घ्या. अँटिव्हायरसचा कन्सोल क्लाउडवर असेल तर तेवढे त्याचे पत्ते खुले ठेवा, म्हणजे तुम्ही आंधळे होणार नाही.

तुम्ही घरी असाल आणि व्हीपीएनवरून हे करत असाल, तर व्हीपीएन बंद केल्याक्षणी तुम्हीच बाहेर पडाल. गाडी काढा. तोवर गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला सर्व्हर रूममध्ये पाठवा, रॅकचा फोटो मागवा, आणि त्यावर खूण करून त्याला इंटरनेटच्या राउटरची डेटा केबल काढायला सांगा. पॉवरची नाही, हे दोनदा सांगा.

शेवटी फाइल सर्व्हर. तो नेटवर्कवरून तोडायचा आहे, बंद करायचा नाही. बंद केलात की मेमरीतलं सगळं जातं: चालू प्रोसेस, जोडण्या, लॉगइन असलेली खाती, आणि डिस्कवर कधीच न उतरता दुसऱ्या प्रोसेसच्या पोटात बसलेला कोड. असा मेमरीतच राहणारा कोड आजकाल नेहमीचा आहे. अपवाद एकच. डोळ्यांसमोर फाइलींची नावं बदलू लागली, म्हणजे एन्क्रिप्शन सुरू झालंय, तर नेटवर्क तोडून ते थांबत नाही, कारण डिस्क त्याच मशीनमध्ये आहे. तेव्हा सर्व्हर व्हर्च्युअल मशीन (दुसऱ्या मशीनवर सॉफ्टवेअरने चालवलेला) असेल तर ते सस्पेंड करा. प्रत्यक्ष डबा असेल आणि प्रोसेस मारता येत नसेल तर सरळ पॉवर काढा. पुराव्याचं नुकसान होईल, पण डेटा वाचेल.

सर्व्हरवर लॉगइन करताना डोमेन अ‍ॅडमिनचं खातं वापरू नका. ही चूक बाकी सगळ्या चुकांहून महाग पडते. ज्या मशीनच्या मेमरीतून पासवर्ड काढले जातायत, तिथेच तुम्ही किल्ल्यांचा जुडगा नेऊन ठेवता. लोकल अ‍ॅडमिन खातं घ्या, आणि तेही शक्यतो समोरच्या मॉनिटरवरून किंवा व्हर्च्युअल मशीनच्या कन्सोलवरून.

तोडण्याआधी दोन मिनिटांत नेटस्टॅट (ए, एन, ओ हे पर्याय जोडून), टास्कलिस्ट, क्यूयूझर आणि डीएनएस कॅश (म्हणजे चालू जोडण्या, प्रोसेस, लॉगइन खाती आणि अलीकडे शोधलेले पत्ते) यांचं आउटपुट पेनड्राइव्हवर घ्या. केबल काढल्यावर जोडण्यांची यादी पुसट होत जाते. व्हर्च्युअल मशीन असेल तर मेमरीसकट स्नॅपशॉट (त्या क्षणाची पूर्ण प्रत) घ्या, दोन क्लिकचं काम आहे. ‘मेमरीसकट’ ही खूण करायची राहिली तर हाती फक्त डिस्क येते. प्रत्यक्ष सर्व्हर असेल तर डम्पइट, विनपीमेम किंवा एफटीके इमेजर, या मेमरीची प्रत (डम्प) काढणाऱ्या प्रोग्रॅमपैकी एक पेनड्राइव्हवरूनच चालवा. ३२ जीबी रॅम असेल तर फाइलही साधारण तेवढीच होते, म्हणून ६४ जीबीचा ड्राइव्ह घ्या. तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीला काम अडकतं, आणि हे वीस मिनिटांनी कळतं. आधीच एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. डम्प सर्व्हरच्याच डिस्कवर लिहू नका. घुसखोराने पुसलेल्या फाइली अजून त्या रिकाम्या जागेत असू शकतात, आणि तुमचे ३२ जीबी त्यांच्यावरून जातील. काम झाल्यावर तो पेनड्राइव्ह बाधित समजा. तोच नेऊन डोमेन कंट्रोलरला लावू नका.

त्यानंतर इव्हेंट लॉगच्या (विंडोजच्या नोंदवहीच्या) फाइली. विंडोजच्या सिस्टम३२ मधल्या विनईव्हीटी फोल्डरमधला लॉग्ज हा सगळा उपफोल्डर उचला. सिक्युरिटी लॉगची मर्यादा कोणी वाढवली नसेल तर तो बहुधा २० एमबीचाच असतो, आणि गजबजलेल्या सर्व्हरवर काही तासांत जुन्या नोंदींवर नव्या चढतात. म्हणूनच डोमेन कंट्रोलरचे लॉगही आजच रात्री उतरवा. तिथे काही झालंय असं वाटत नसलं तरी. प्रत्येक फाइलचा एसएचए२५६ हॅश विंडोजच्याच सर्टयूटिल या कमांडने काढून वहीत लिहा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश मागितला जातो. प्रकरण कोर्टात गेलं तर ही रात्रीची दहा मिनिटं उपयोगी पडतील.

आता मागोवा. सोडवायचं कोडं एकच आहे: या सर्व्हरवर तो कुठून आला? सिक्युरिटी लॉगमध्ये अलर्टच्या आधीच्या दोन-तीन तासांतल्या ४६२४ क्रमांकाच्या (यशस्वी लॉगइनच्या) नोंदी बघा. लॉगऑन प्रकार १० म्हणजे रिमोट डेस्कटॉप, ३ म्हणजे नेटवर्कवरून. नोंदीत स्रोताचा आयपी असतो. त्या आयपीच्या मशीनवर जा, तिथे पुन्हा हेच. अशी साखळी मागे मागे जात एखाद्या व्हीपीएनच्या पत्त्यापाशी, एखाद्या कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपपाशी किंवा इंटरनेटला उघड्या ठेवलेल्या रिमोट डेस्कटॉपपाशी थांबते. वाटेत ७०४५ (नवी सर्व्हिस बसवली; ही सिस्टम लॉगमध्ये असते), ४७२० (नवं खातं), ४७२८ आणि ४७३२ (कोणाला गटात घातलं) या नोंदी दिसल्या तर उतरवा. ११०२ दिसली तर सिक्युरिटी लॉग पुसलाय. पुसला असला तरी हार मानू नका. टर्मिनल सर्व्हिसेसचा लोकल सेशन मॅनेजर नावाचा वेगळा ऑपरेशनल लॉग असतो, त्यात २१, २४ आणि २५ या नोंदी रिमोट डेस्कटॉपचं येणं, तुटणं आणि पुन्हा जोडणं दाखवतात. घाईत तो पुसायचा राहून जातो, आणि सिक्युरिटी लॉगपेक्षा कितीतरी मागच्या नोंदी त्यात सापडतात. प्रीफेचचे ठसे (कोणते प्रोग्रॅम चालले याच्या विंडोजने ठेवलेल्या खुणा) मात्र सर्व्हरवर शोधत बसू नका. सर्व्हरच्या विंडोजमध्ये ते मुळातच बंद असतं. क्लायंट संगणकांवर मिळेल.

एनीडेस्क (दुरून संगणक चालवायचं सॉफ्टवेअर) वेगळं तपासा. आपल्याकडे कारखान्यात टॅलीवाला, मशीनवाला, सीसीटीव्हीवाला, सगळेच ते वापरतात, त्यामुळे घुसखोराने आणखी एक बसवलं तर कोणाच्या डोळ्यांत येत नाही. प्रोग्रॅमडेटातल्या एनीडेस्क फोल्डरमध्ये कनेक्शन ट्रेस नावाची फाइल असते, तिच्यात कोण कधी आलं याची नोंद मिळते.

साखळी लावताना सगळ्यात जास्त गोंधळ घालतं ते घड्याळ. विंडोज नोंदी यूटीसीमध्ये (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) साठवतं आणि ज्या संगणकावर तुम्ही त्या उघडता त्याच्या वेळेत दाखवतं. आयआयएसचे लॉग मुळातच यूटीसीत. फायरवॉल बहुधा भारतीय वेळेत, आणि कोणी एनटीपी (घड्याळ आपोआप जुळवणारी सेवा) लावलं नसेल तर ती चार-पाच मिनिटं मागेपुढेही. मग १७:१० ची एक नोंद आणि २२:४० ची दुसरी, एकाच क्षणाच्या असून साडेपाच तास लांब दिसतात, आणि तुम्ही भलत्याच कर्मचाऱ्यावर संशय घेता. वहीत प्रत्येक यंत्राचं घड्याळ मोबाइलच्या घड्याळाशी ताडून फरक लिहून ठेवा.

इंटरनेट तोडलं म्हणजे धोका टळला असंही नाही. वेळ लावून ठेवलेलं काम आतल्या आत चालतं. डोमेन कंट्रोलरवर सिसव्हॉलमध्ये (डोमेनच्या सामायिक फोल्डरमध्ये) गेल्या काही दिवसांत बदललेल्या ग्रुप पॉलिसी (सगळ्या संगणकांना एकदम लागू होणारी सेटिंग) आणि तिथे पडलेल्या अनोळखी बॅच किंवा ईएक्सई फाइली बघा. सगळ्या संगणकांवर एकदम रॅन्समवेअर पोचवायचा तो ठरलेला रस्ता आहे. शेड्यूल्ड टास्कची ४६९८ नोंद ऑडिटिंग चालू असेल तरच मिळते, त्यामुळे टास्कचं फोल्डर उघडून तारखा प्रत्यक्ष बघा.

पासवर्ड? ज्या खात्याचा गैरवापर उघड दिसतोय ते लगेच डिसेबल करा. बाकीचे सगळे पासवर्ड मात्र रस्ता बंद झाल्यावर, स्वच्छ संगणकावरून, एका दमात बदला. तो आत असताना एकेक बदलत बसलात तर नवेही त्याच्याच हातात जातात. डोमेन अ‍ॅडमिन, सर्व्हिस खाती (जी माणसं नव्हे तर प्रोग्रॅम वापरतात), व्हीपीएन, फायरवॉल, नॅस, हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), सगळे. सर्व्हिस खात्यांची यादी आधी करा, नाहीतर पासवर्ड बदलल्यावर बायोमेट्रिक हजेरी किंवा बारकोडचं सॉफ्टवेअर शुक्रवारी सकाळी आठला बंद पडेल. डोमेन कंट्रोलरवर त्याचा हात पोचला असल्याची शंका असेल तर केआरबीटीजीटी या (डोमेनची लॉगइनची तिकिटं ज्याच्या किल्लीने बनतात त्या) खात्याचा पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, कारण आधीचा पासवर्डही चालू राहतो. दोन वेळांत दहा तासांहून जास्त अंतर ठेवा. तिकिटाचं नेहमीचं आयुष्य दहा तासांचं असतं, आणि घाईत लागोपाठ बदललंत तर चालू खात्यांची तिकिटं एकदम निकामी होतात. इथपर्यंत वेळ आली असेल तर बाहेरची फॉरेन्सिक मदत घ्याच. सायबर विमा असेल तर त्या कंपनीला आधी कळवा, बऱ्याच पॉलिसींत तशी अट असते.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. पावणेअकराला अलर्ट आला, म्हणजे पहाटे पावणेपाच. सगळं कळेपर्यंत थांबू नका, जेवढं माहीत आहे तेवढं कळवा, उरलेलं नंतर देता येतं. त्याच निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवायची अट आहे, त्यामुळे आज कोणताही लॉग ‘जागा करायला’ म्हणून उडवू नका. बँक खात्यातून पैसे हललेले दिसले तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन, तिथे एकेक मिनिट मोजावं लागतं.

राहिला फॉरमॅट. तो करायचाच आहे, पण या डिस्कवर नाही. जुनी डिस्क काढून तिच्यावर तारीख, वेळ आणि अनुक्रमांक लिहून पाकिटात सीलबंद ठेवा, आणि नवी डिस्क घालून त्यावर विंडोज बसवा. रेड (अनेक डिस्क मिळून एक) असेल तर सगळ्या डिस्क, खाचेच्या क्रमांकासकट. डेटा परत आणताना बॅकअपची तारीख अलर्टवरून ठरवू नका. साखळीत सापडलेल्या पहिल्या शिरकावाची तारीख धरा. व्हीपीएनवरचं पहिलं लॉगइन तीन आठवड्यांपूर्वीचं निघालं, तर मंगळवारच्या सिस्टम इमेजमध्ये त्याची मागची दारंही तशीच आहेत. अशा वेळी ताज्या बॅकअपमधून फक्त टॅलीचा डेटा आणि कागदपत्रं घ्यायची, प्रोग्रॅम आणि विंडोज कोऱ्या सेटअपवरून.